बार्बराची सोंगं

१२ ऑक्टोबर

निवडून आले! मला एकशे एकेचाळीस मतं, पेर्लाला एकशे वीस. पेर्लाने गालाला गाल लावून तीनदा मुके घेतले आणि कानात म्हणाली, "अभिनंदन हं, अध्यक्षबाई. आता आमच्याशी बोलायला वेळ मिळेल ना?" नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, हसत होती तरी दिसत होतं. मी तिला लगेच उपाध्यक्ष करून टाकलं. व्हिडिओ चांगले काढते, आणि बाहेर ठेवली असती तर वर्षभर कुरबुरली असती.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सिस्टर लॉदींनी बोलावून घेतलं. "मारियेल, विद्यार्थी मंडळ दरवर्षी केक विकतं आणि पताका लावतं. यंदा असं काही कर, की मला बिशपांना पत्रात लिहिता येईल." मी तिथल्या तिथे म्हटलं, दुपारच्या शाळेसाठी काहीतरी करू या. सिस्टर म्हणाल्या, "जपून कर."

दुपारची शाळा म्हणजे इमारत आमचीच, बाकही आमचेच. दोनला आम्ही सुटतो आणि अडीचला छावणीतली साठ सीरियन मुलं येतात. पाचला परत जातात. सहा वर्षं झाली, पण आमची त्यांची गाठ पडू दिलेली नाही. ती मागच्या फाटकातून येतात. पालक समितीतल्या बायका म्हणतात, त्यांच्यामुळे बाकांत उवा होतात. मम्मा त्या समितीत आहे. मला तर आजवर एकही ऊ सापडली नाही.

निवडून आले तर टेकडीवरच्या माउलीच्या चर्चपर्यंत अनवाणी चढेन असा नवस बोलले होते. रविवारी फेडते.

३१ ऑक्टोबर

नवस फेडला, तळव्याला फोड आले. पेर्ला म्हणाली, "फोडांचा फोटो टाक."

आता दर गुरुवारी मी दुपारच्या शाळेत नववीला फ्रेंच शिकवते. वर्गात एक रहाफ म्हणून आहे, पंधरा वर्षांची. पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक क्रियापद चुकवलं, तर मागून आवाज आला, "मिस, ते तसं नाही." सगळा वर्ग हसला. मी तिला म्हटलं, मिस म्हणू नकोस, मी तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे. त्यावर ती म्हणाली, "मग हातात पट्टी कशाला धरलीस? अध्यक्ष आहेस की मुकादम?"

मुकादम म्हणजे त्यांच्या छावणीचा अबू फवाज. शेतांवर बायकापोरी कामाला पाठवणारा तोच. रहाफ मावशीबरोबर राहते. आईचं विचारायचं राहून गेलं. जूनमध्ये तिला नववीची सरकारी परीक्षा द्यायची आहे. त्यासाठी जानेवारीअखेर शाळेने तिचं नाव कळवावं लागतं. छावणीतल्या एकाही मुलीने अजून ती परीक्षा दिलेली नाही. "नाव गेलं नाही तर काय?" असं मी सहज विचारलं. ती म्हणाली, "तर मग बटाटे." मला ती फार आवडली. माझी खरी मैत्रीण होणार, असं वाटतं.

२१ नोव्हेंबर

सुचलं! संत बार्बराचा सण!

तीन डिसेंबरला संध्याकाळी आम्ही दरवर्षी सोंगं घेऊन घरोघर फिरतोच. तोंडाला काजळी, डोक्यावरून चादरी, मुखवटे. दारं वाजवायची, घरातल्यांनी ओळखायचं आणि मग वाटीभर गोड गहू द्यायचे. यंदा उलटं करायचं. आपण सोंगं घेऊन छावणीत जायचं, आणि गहू आपणच त्यांना द्यायचे! पातेली भरभरून, वर डाळिंबाचे दाणे, अक्रोड, बडीशेप. वेशीच्या आतला आपला सण वेशीबाहेर न्यायचा. शेवटचं वाक्य मी मंडळाच्या बैठकीत म्हटलं आणि टाळ्या पडल्या. पेर्लानेही वाजवल्या.

सिस्टरनी शाळेची बस दिली. "छावणीत कळवलंय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघते मी ते सगळं, सिस्टर."

२७ नोव्हेंबर

रहाफला सांगितलं. मला वाटलं, उडी मारेल. तिने वही मिटली.

"मुखवटे घालून येणार? अंधार पडल्यावर?"

"पाच वाजता अंधार पडतोच गं. मजा त्यातच असते. बार्बरा बापाच्या तावडीतून सुटली ती तोंड झाकून, वेष बदलून. म्हणून सोंगं."

"आमच्याकडे पळणाऱ्यांना तोंड झाकायला वेळ मिळाला नाही," ती म्हणाली. "तोंडं झाकून यायचे ते दुसरेच. दार ठोकायचे आणि घरातला पुरुष घेऊन जायचे. मारियेल, तू अबू फवाजला सांगून ठेव. निदान माझ्या मावशीला तरी."

खरं तर माझा हिरमोडच झाला. सहा वर्षं झाली त्या गोष्टींना, आणि इथे कोण कुणाला नेतंय? शिवाय आधी सांगितलं तर सगळे दारात हात बांधून रांगेत उभे राहतील, सिस्टर येतात तेव्हा राहतात तसे. पेर्लाला खरी दचकलेली तोंडं हवीत, आणि मग खरं हसू. त्याशिवाय व्हिडिओत जीव कसा येणार? मी रहाफला म्हटलं, तू कुणाला सांगायचं नाहीस, शपथ घे.

"कुणाची घेऊ?"

"तुला सगळ्यांत जवळचं जे असेल त्याची."

तिने मिटलेली वही दप्तरात घातली. मग म्हणाली, "मावशीची." मी तिला मिठी मारली. ती ताठ उभी होती, पण ती असतेच तशी.

४ डिसेंबर

कालचं सगळं नीट लिहून काढणार आहे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर माझ्याजवळ असेल.

आम्ही अकरा जण होतो. बस रस्त्यावरच थांबवली आणि बटाट्याच्या शेताच्या कडेने चालत गेलो. मी काळा झगा आणि तोनीमामाचा जुना पांढरा मुखवटा घातला होता. ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी एकदम तंबूंची दारं पळ्यांनी वाजवली. ती दारं म्हणजे खोक्यांच्या फळ्याच, त्यामुळे आवाज फार मोठा झाला. आत दिवे होते, ते एकेक करून विझले. आम्हाला वाटलं, खेळात आलेत! म्हणून आम्ही आणखी जोरात वाजवलं.

मग एक बाई ओरडली. तसं ओरडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तंबूंच्या मागच्या बाजूने ताडपत्र्या उचलून माणसं पळायला लागली, मुलं काखोटीला मारून, पाटाच्या पाण्यातून, अनवाणी. एका तंबूत धावपळीत शेगडी कलंडली. प्लास्टिक केवढं पटकन पेटतं! आत दोन मुलं होती. त्यांना एका बाईने बाहेर काढलं, पेटलेली ताडपत्री दोन्ही हातांनी ओढून. ती रहाफची मावशी, उम्म अदनान.

रहाफ धावत आली आणि तिने माझा मुखवटा ओरबाडून काढला. "तोंडं दाखवा!" ती सगळ्यांवर ओरडत होती. "शाळेतली पोरं आहेत ही! पोरं आहेत!" मावशी जमिनीवर बसली होती, हात पुढे धरून. मुकादमाने रहाफला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मावशीही बघत होती तिच्याकडे.

"नाही," रहाफ म्हणाली.

माझ्यासमोर! मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तिने सरळ खोटं सांगितलं. असल्या प्रसंगातही मला त्याचा राग आला हे मी कबूल करते.

गव्हाची पातेली बसमध्येच राहिली.

६ डिसेंबर

उम्म अदनान सरकारी दवाखान्यात आहे. बोटं वाचतील की नाही, ते अजून सांगत नाहीत. पोलीस येऊन गेले. मम्माने दोन दिवस मला शाळेत पाठवलं नाही.

आज सिस्टरच्या खोलीत पालक समिती जमली होती. दाराबाहेरून सगळं ऐकू येत होतं. मादाम सुआद सगळ्यांत मोठ्याने: "आमची मुलं गहू वाटायला गेली आणि त्यांनाच गुन्हेगार ठरवताय? बंद करा ती दुपारची शाळा, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय!" मम्मा काय बोलली ते ऐकू आलं नाही. बोलली असेलच.

सगळे गेल्यावर सिस्टरनी मला आत घेतलं. त्या इतक्या दमलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की छावणीला आगाऊ कळवण्याचं काम दुपारच्या शाळेच्या एका विद्यार्थिनीने स्वीकारलं होतं, पण ते तिच्याकडून राहून गेलं. विद्यार्थिनी म्हणून रहाफचं नाव होतं, आणि खाली माझ्या सहीची जागा.

"सिस्टर, खरं म्हणजे..."

"थांब." त्यांनी हात वर केला. "मला सांगू नकोस. जे माझ्या कानावर आलं नाही, ते मला कुठे लिहावं लागत नाही. पालकांना एक नाव हवंय, मारियेल. नाव मिळालं तर ते शाळेला हात लावणार नाहीत. साठ मुलं आहेत."

"आणि रहाफ?"

"ती काही दिवस घरी राहील. मग बघू. मी तिलाही विचारलं. ती काही बोलतच नाही."

मी खूप विचार केला. निदान दहा मिनिटं तरी. साठ मुलं एकीकडे आणि एक मुलगी दुसरीकडे. शिवाय ती स्वतः गप्प आहे, आणि खोटं तर आधी तीच बोलली, सगळ्यांसमोर. मी सही केली. पेनात शाई नव्हती, सिस्टरनी आपलं दिलं.

९ डिसेंबर

मुकादमाला तो कागद वाचून दाखवला म्हणे. रहाफचं नाव पटावरून काढलं. "काही दिवस" असं सिस्टर म्हणाल्या होत्या. काढलंय असं मला शिपायाने सांगितलं.

पेर्ला भेटली. अध्यक्षबाई वगैरे काही नाही. म्हणाली, "तूच तर म्हणाली होतीस, तिला तोंड बंद ठेवायला सांगितलंय म्हणून. मी तिथेच होते."

"मग तू का नाही बोललीस?"

"मला कुणी विचारलं नाही," पेर्ला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मतमोजणीनंतर पहिल्यांदाच समाधान होतं.

२१ डिसेंबर

नाताळाआधीची पापकबुली. रांगेत माझ्यापुढे सहावीतल्या मुली होत्या, वहीतून कॉपी केल्याची पापं पाठ करत. मी आईला उलट बोलणं, चर्चमध्ये मिस्साला उशिरा येणं वगैरे सांगितलं. मग म्हटलं, "आणि फादर, मी एका मैत्रिणीचं नाव सांगितलं."

"खरं होतं ते?"

"थोडंसं."

जाळीपलीकडे फादर पुढे झुकले. मला वाटलं, आता विचारतील, आणि विचारलं तर मी सगळं सांगून टाकेन. रांग मोठी होती. ते म्हणाले, "तीन वेळा जपमाळ म्हण, आणि त्या मैत्रिणीचं काहीतरी भलं कर."

जपमाळ आजच उरकली. भलं म्हणून माझा निळा कोट छावणीत पाठवला, फक्त दोन हिवाळे वापरलेला.

२८ डिसेंबर

कोट परत आला. धुऊन, घडी घालून. बरोबर चिठ्ठी नव्हती. मम्मा म्हणाली, "काय माज आहे बघ!" मीही हो म्हटलं. मग खोलीत येऊन तो अंगात घातला, तर त्याला धुराचा वास येत होता. धुतला तरी येत होता. उगाच रडू आलं.

१७ जानेवारी

दुपारची शाळा बंद झाली.

पालक समितीने मी सही केलेला तोच कागद पुढे केला: बघा, ही माणसं साधा निरोप पोचवत नाहीत, यांच्या भरवशावर आमची मुलं कशी सोडायची? सिस्टरनी विरोध केला म्हणतात. तीन आठवडे केला. आता दोन वाजल्यानंतर वर्गांना कुलूप.

म्हणजे एक नाव देऊन साठ वाचले नाहीत. मी हे वाक्य लिहिलं आणि खोडलं, मग परत लिहिलं.

आणि जानेवारीअखेर परीक्षेला नाव कळवायचं होतं. आता कोण कळवणार? मी हिशेब लावून बघते आहे, की सही केली नसती तरी हे झालंच असतं. कधी लागतो, कधी लागत नाही.

१ फेब्रुवारी

काल शेवटची तारीख होती. गेली.

आज बिशपांच्या युवक मेळाव्यात आमच्या मंडळाला सेवेचं पदक मिळालं. माझ्या गळ्यात घातलं. पेर्लाचा व्हिडिओ दाखवला: बसमध्ये गाणारे आम्ही, पातेल्यांत पडणारे डाळिंबाचे दाणे, अंधारातून चालत जाणारी सोंगं, आणि मग एकदम आधीच्या वर्षीची छावणीतली हसरी मुलं. कुठून आणली कोण जाणे. मागे बासरी लावली होती. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं.

परतीच्या बसमध्ये मी सिस्टरशेजारी जाऊन बसले. "सिस्टर, मला ते सांगायचंच आहे. मीच तिला गप्प राहायला सांगितलं होतं."

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "निरोप द्यायला सांगितलं असतं, तर त्या मुलीने तो दिला असता. तिने कधी गृहपाठसुद्धा चुकवला नाही."

"मग तुम्ही..."

"मी साठांचा विचार केला. तू कुणाचा केलास?"

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. झोपल्या नव्हत्या. ओठ हलत होते, प्रार्थना करत असाव्यात. मला वाईट वाटलं, पण त्याच्याआधी हायसं वाटलं, की सिस्टरनाही ठाऊक होतं. हे हायसं वाटणं मला बिलकुल आवडलेलं नाही.

२२ फेब्रुवारी

तोनीमामाच्या द्राक्षमळ्यात छाटणी चालू आहे. शनिवार म्हणून मम्माने मला मजुरांचा चहा घेऊन पाठवलं. मुकादमाच्या ट्रकमधून बारा बायका आल्या होत्या. तिसऱ्या ओळीत रहाफ होती. डोक्याला घट्ट रुमाल, हातात कात्री, कापलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधत होती. मी किटली घेऊन तिच्यापर्यंत गेले.

"रहाफ."

"ठेवा तिथे, बाईसाहेब," ती म्हणाली. मान वर न करता.

मी गुडघ्यांवर चिखलात बसले. कितीतरी दिवस मनाशी घोकलेलं सगळं एकदम तोंडात आलं. की झालं ते माझ्यामुळे. की सिस्टरना सांगितलं, पण त्यांना आधीच ठाऊक होतं. "आता मी गप्प बसणार नाही. मुकादमाला सांगते. आजच छावणीत येते आणि तुझ्या मावशीला सांगते, की मीच तुला शपथ घातली होती. तुझी काही चूक नव्हती. सगळ्यांसमोर सांगते!"

रहाफने कात्री खाली ठेवली. पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"मावशीला मी काय सांगितलंय, माहीत आहे तुला?"

"की तुला ठाऊक नव्हतं."

"हां. शाळेचा कागद वाचला तेव्हाही मी तेच सांगितलं. मला कुणी काही बोललं नव्हतं, ती अध्यक्ष पोरगी खोटारडी आहे. मावशीने सगळ्या छावणीशी भांडून माझी बाजू घेतली. तिची बोटं चिकटलीत, मारियेल. भाकरी मोडता येत नाही. मी घास करते आणि तिच्या तोंडात देते, सकाळ संध्याकाळ. माझ्या हातून खाते ती." तिने आवाज खाली आणला, कारण पलीकडच्या ओळीतली बाई थांबून बघायला लागली होती. "आता तू ये आणि सांग, की रहाफला सहा दिवस आधी ठाऊक होतं. तुझं मन हलकं होईल. ती कुणाच्या हातून खाईल?"

"मग मी काय करू?" मी विचारलं. मला रडायला येत होतं आणि तिने बघावं असंही वाटत होतं.

"काही नको. तिथे तू खोटारडी आहेस, तशीच राहा."

तिने कात्री उचलली आणि मोळी पुढे ढकलली. पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. रहाफ मोठ्याने म्हणाली, "काही नाही, मालकांची भाची आहे. साखर किती घालू विचारतेय." बायका हसल्या.

मी चहा ओतला आणि घरी आले. मम्माने विचारलं, चिखल कसला गं गुडघ्यांना? पडले म्हटलं.

रहाफने आजवर माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या. पहिली मी ऐकली नाही. दुसरीला मला काहीच करावं लागणार नाही.